मिरजगावच्या बाजारातली बांगडीवाली

नर्सिंगच्या मुलींना मी मानसिक आरोग्य शिकवते. यंदा त्यांनी मिरजगावच्या बाजारात पथनाट्य केलं. त्यात आजारी सुनेला घरचे दवाखान्याऐवजी देवऋषीकडे नेतात. सून एकटीच बोलू लागली की बघे हसायचे. शेवटी सून झालेली माझी विद्यार्थिनी रडवेली होऊन नाटक अर्धवट सोडून खालीच बसली.

समोरची बांगडीवाली उठली. पन्नाशीची, ठेंगणी, हातभर हिरव्या बांगड्या. बोलण्याआधी हात झटकायची तिला सवय होती. त्या किणकिणाटानंच लोक गप्प झाले. ती पोरीशेजारी मांडी घालून बसली आणि गर्दीतल्या बायांना म्हणाली,

"मला बी असंच हुतं. कानात आवाज यायचे. आजून गोळ्या चालू हायेत. तुमी समद्या माझ्याकडनं बांगड्या भरता. चावले का म्या कदी कुनाला?"

बाजार पुन्हा हसला, पण आता तिच्यासोबत. माझी विद्यार्थिनीही हसली आणि नाटक पुढे रंगलं.

गर्दी पांगल्यावर एक तरुण बांगडीवालीपाशी रेंगाळला. "मावशी, माझ्या भावाला दाखवायचंय. कुठं न्यावं?"

तिनं दुकान शेजारणीवर सोपवलं. "चल, या बाईस्नीच इचारू," म्हणत त्याला हाताला धरून माझ्याकडे आणलं. शिक्षिका म्हणून इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.