बाटलीतली विहीर

पिंपळवंडीचे काका एका जागी बसलेले पाहिले, असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर सांगणारा एक तर थापाड्या असला पाहिजे किंवा जुन्नर तालुक्यातला नसला पाहिजे. आमच्या अब्बांची आणि त्यांची तरुणपणापासूनची दोस्ती. बाजाराच्या दिवशी काका आमच्या अत्तराच्या दुकानापुढे मोटारसायकल लावायचे, तीही बंद न करता. एक पाय दुकानाच्या पायरीवर, दुसरा रस्त्यावर, मागे इंजिन फटफटतंय आणि काका अब्बांशी जगाच्या गप्पा मारताहेत. "बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नाय राव, उभ्या उभ्या आलोय." चहासुद्धा उभ्यानंच, बशीत ओतून, दोन घोटांत. स्वतःच्या मुलीच्या लग्नात हा माणूस पंगतीला बसला नाही की फोटोला थांबला नाही. सगळ्या अल्बमभर नुसती त्यांची पाठ आहे. काकू म्हणतात, "मी ह्यांना पाठमोरंच जास्त वळखते." एकदा नाचणी संपली म्हणून काकूंनी यांना गावातल्या वाण्याकडे पाठवलं, तर हे थेट पार घाटापलीकडच्या तळेघरला पोचले. तिथल्या दोस्ताकडून पायलीभर नाचणी घेतली, अर्थात उभ्या उभ्याच, आणि दिवेलागणीला परत. काकूंनी तोवर भाताचा कुकर लावला होता.

असं हे भिरभिरतं बरं चाललं असताना त्यांच्या शिवारात तेलाची लाईन फुटली. जमिनीखालून पेट्रोल वाहून नेणारी ती पाइपलाइन काकांच्या बांधाला लागून जाते. वर चार पिवळे खांब सोडले तर काही दिसत नाही, त्यामुळे गाव तिला विसरूनच गेलं होतं. कुठलासा जोड सुटला, तेल झिरपत ओढ्यात उतरलं आणि ओढ्याच्या कडेच्या काकांच्या विहिरीत गेलं. लाईनवाले आले, जोड दुरुस्त केला, विहीर पुन्हा पुन्हा उपसली, वरची माती उचलून नेली आणि शेवटी पाणी चांगलं असल्याचा तपासणीचा कागद हातात दिला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कागदाला नाक असतंय का?" तेव्हापासून घरात पिण्याचं पाणी जारचं. काकू या विहिरीवर नांदायला आल्या, त्यांना जारचं पाणी घशाखाली उतरेना. त्या एकदा सरळच बोलल्या, "मळ्यातलं पानी मळ्यात चालत नसंल तर ऱ्हायचं कशाला? पोरीकडं चाकणला जाऊ." काकांच्या पायातली भिंगरी मात्र दुप्पट वेगानं फिरायला लागली. मळा सोडून चाकणच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस आठवडाभर तरी जगेल का, हा प्रश्न आम्हालाही पडला होता.

पहिला राग निघाला तो मोटारसायकलवर. "ज्यानं माझी हीर नासवली त्यालाच टाकीत घालून गावभर मिरवू व्हय?" असं म्हणून त्यांनी ती विकून टाकली आणि विजेवरची स्कूटर आणली. आता या स्कूटरला दोन खोडी. एक म्हणजे ती आवाज करत नाही, त्यामुळे काका येताहेत याची आगाऊ सूचना मिळणं बंद झालं. दुसरी म्हणजे ती मधेच दमते, आणि दमली की तिला तास न् तास भिंतीला टेकवून वीज पाजावी लागते. पिंपळवंडीहून सरळ जुन्नरला यायचं तर एवढं काही नाही; पण सरळ येतील ते काका कसले? आधी निमगाव सावा, मग कुणा पावण्याचा मळा, मग आणखी कुणाचा गोठा, असं करत ते आमच्या दारात पोचायचे तेव्हा स्कूटरनं मान टाकलेली असायची. दारात पाऊल टाकताच सलाम-रामराम राहिला बाजूला, पहिला प्रश्न, "लाईट हाय का?" मग जन्मात न बसलेल्या माणसाला बसणं भाग पडायचं. बसायचे कसले म्हणा, मांडी घालून उभेच असायचे. मिनिटाला उठून चार्जरचा लाल दिवा बघायचे, पिन काढून पुन्हा खोचायचे, माझ्या अत्तराच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. गुलाब, खस, मोगरा सगळी सरमिसळ. दुकान तोवर माझ्याकडे आलेलं, त्यामुळे ते गेले की माझा अर्धा तास त्यात जायचा. भातलावणीच्या दिवसांत तळेघरला गेले, तर घाट चढून स्कूटर रिकामी आणि तिथं गावातली लाईट गेलेली. लाईट येईपर्यंत करायचं काय, म्हणून काका चिखलात उतरले आणि दोस्ताचं खाचर लावून मोकळे झाले. तो दोस्त अजून सांगतो, "दर साली लावणीला अशीच लाईट जाऊ द्या."

पण या सगळ्या फेऱ्यांचं खरं कारण डिकीत असायचं. विहिरीच्या पाण्याची बाटली. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. हा पाहुणा स्वतःचं पाणी घेऊन यायचा आणि यजमानाच्या नाकापुढे धरायचा, "वास येतुय का बघा." मास्तर, कंडक्टर, लग्नात अक्षता वाटणारी माणसं, कुणी सुटलं नाही. सगळे म्हणायचे, नाही येत. काका बाटलीला झाकण लावत पुटपुटायचे, "तोंडाकडं बघून सांगत्यात." एकदा मास्तरांनी गंमत म्हणून "येतोय की" म्हटलं, तर काकांचा चेहरा असा पडला, की मास्तर त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले. माझ्यावर मात्र त्यांचा फार भरवसा. "तुमी वासाच्या धंद्यातली मान्सं." आता अत्तराच्या दुकानात बसून पाण्यातलं पेट्रोल हुंगायचं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये उभं राहून डास ऐकायचा. मला बाटलीतून हिना अत्तराचाच वास येई. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे पेट्रोल नाय ना?"

एका बाजाराला ते दोन बाटल्या घेऊन आले. एक त्या दिवशीची आणि एक लाईन फुटली तेव्हाची, ताडून बघायला जपून ठेवलेली. दिसायला दोन्ही सारख्या, आणि डिकीत हिंदकळून कुठली कोणती हे काकांनाच कळेनासं झालेलं. दुकान नको म्हणून मी त्यांना आत घरात नेलं. अम्मी मेथी निवडत होती. काकांनी एक बाटली उघडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असा भपकारा. काकांनी ती स्वतःच्या नाकाला लावली, लांब श्वास घेतला, दुसरी लावली, पुन्हा पहिली लावली आणि अम्मीला विचारलं, "भाभी, ह्यातली आजची कोंची?"

अम्मीनं मेथी बाजूला ठेवली. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही का?"

काका बसले. मी पाहिलं, खरोखर बसले, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. "त्या करोनात गेला, त्यो आलाच न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या भावजयीला बी सांगितलं न्हाई. लाईन फुटली तवा ती पोरीकडं व्हती. मी रोज हिरीवर उभा ऱ्हायचो भाभी, मला काय कळलं न्हाई. मोटर लावून त्येच पानी समद्या कांद्याला दिलं. गाईम्होरं बादली ठेवली तर तिनं तोंड फिरवलं. मी तिलाच शिव्या दिल्या." मला त्यांची माया आली आणि स्वतःचा रागही आला. इतके दिवस बाटलीची टिंगल करत होतो मी.

अम्मीनं आजची बाटली उचलली, पदरानं बाटलीचं तोंड पुसलं आणि सावकाश वास घेतला. "आहे अजून," ती म्हणाली. "थोडा आहे. पण आहे."

कुणी असं ऐकून खूश होईल? काका झाले. इतक्या नाकांत एक नाक खरं बोललं होतं. त्या दिवसापासून बाकी सगळ्यांची सुटका झाली आणि बाटली फक्त अम्मीकडे यायला लागली. ती वास घ्यायची, "आहे" म्हणायची, कधी "कमी आहे" म्हणायची. काका मान डोलवायचे, विहीर पुन्हा उपसायचे, पुन्हा यायचे. काकूंनी एकदा चाकणला न्यायची बोचकी बांधली, तर म्हणाले, "भाभी 'वास नाय' म्हनत न्हाई तवर दम धर."

परवाच्या बाजाराला आले. चार्जर लावला, लाल दिवा लागला, बाटली अम्मीकडे दिली. अम्मीनं वास घेतला. पुन्हा घेतला. ती उठली, आत गेली आणि ती बाटली तिनं चहाच्या पातेल्यात रिकामी केली. आलं ठेचलं, साखर घातली, दूध घातलं. तीन कप भरून आणले, पहिला स्वतः तोंडाला लावला आणि मग एक काकांपुढे सरकवला.

काकांनी कप उचलला. मग प्यायले, बशीत न ओतता, घोट घोट. "गोड झालाय येवढं कळतंय," म्हणाले. खिशातून फोन काढला, काकूंना लावला आणि नेहमीसारखे त्यात ओरडले, "अगं, संध्याकाळी रांजणात हिरीचं पानी भर." पलीकडून काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावरही तो त्यांनी बराच वेळ हातातच धरला होता.

दुपार उलटल्यावर बाहेर जाऊन पाहिलं तर चार्जरचा दिवा केव्हाच हिरवा झाला होता. मी आत येऊन सांगितलं, "काका, झालं चार्जिंग."

"असू दे," काका म्हणाले, आणि अम्मीनं बाजारातून आणलेल्या मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून निवडायला लागले.