जोडाशेजारचं कातडं

करंजीच्या तेलात मुरलेल्या कातड्याचा उग्र, किंचित गोडसर वास चैत्राच्या उन्हात आजही कुठून तरी येतो, आणि वडूजजवळच्या आमच्या अंगणात पाय पसरून मोट शिवत बसलेले माझे वडील, आबा, दिसू लागतात. विहिरीतून पाणी ओढायच्या या कातडी मोटा त्यांनी जन्मभर शिवल्या. पण गावात इंजिनं आली तशी नवी मोट कुणी सांगेना. विरलेल्या मोटेचा मधला भाग कापून तिथं नवं कातडं जोडायचं आणि तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी लांबवायचं, एवढंच काम उरलं होतं.

दादा नौदलात होता. आपल्याकडे तेव्हा पाणबुडी नव्हती, म्हणून शिकायला त्याला विलायतेला धाडलं होतं. त्याची पत्रं मी आबांना वाचून दाखवी, कारण शाळेत मास्तरीण असलेल्या माझ्याखेरीज घरात अक्षर कुणाला येत नव्हतं. एका पत्रात त्यानं कौतुकानं लिहिलं होतं, की इथं लढाईतल्या जुन्या पाणबुड्या मधोमध कापतात, नवा तुकडा घालून सांधतात, वाढलेल्या जागेत जादा बॅटऱ्या बसवतात आणि म्हातारी बोट पुन्हा समुद्रात सोडतात. 'मी अशाच एका बोटीवर आहे,' असं शेवटी होतं.

आबांच्या हातातली आरी थांबली. "जोड कवाच फाटत न्हाई, पोरी. जोडाशेजारचं जुनं कातडं फाटतं. इचार त्याला, ज्यानं जोडली त्यो पयला खाली उतरतो का?"

आमच्याकडे तो रिवाजच होता. दुरुस्त मोटेची पहिली खेप निघताना शिवणाऱ्यानं कामाची हमी म्हणून विहिरीत उतरून भरल्या मोटेखाली उभं राहायचं. गुडघे धरल्यापासून आबांनी मात्र ते सोडलं होतं.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर आबांचं अन्नावरचं मन उडालं होतं. दादानं लिहिलं होतं, 'ते मला ठाऊक नाही. काळजी करू नका म्हणावं.' मी कागदावरची नजर न हलवता वाचलं, "आबा, जोडणारेच पहिल्यांदा पाण्याखाली जातात." म्हाताऱ्याला दोन घास जावेत, एवढाच माझा हेतू होता, आणि त्या दिवशी ते खरोखर पोटभर जेवले.

पुढच्याच आठवड्यात जोडलेली एक मोट विहिरीवर चढली. मी नको नको म्हणत असता आबा पायऱ्या उतरू लागले. "अगं, त्ये समिंदराखाली जात्यात, मग मला हिरीचं काय?" पाणी तळाला गेलं होतं, खडक उघडा पडला होता. निम्म्यावर आलेली मोट फाटली आणि पाण्याच्या लोंढ्यानं त्यांना पायरीवरून खाली फेकलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

रजा मिळून दादा आला तेव्हा ती मोट अंगणातच पडली होती. तो शिवणीवरून बोट फिरवत राहिला. एक टाका उसवला नव्हता. चीर गेली होती ती शेजारच्या जुन्या कातड्यातून.

"आबांनी तर उतरणं सोडलं हुतं न्हवं?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "जोडणारे उतरत बी असतील गं. मी कुनाला इचारलंच न्हाई."

आठवड्यानं तो त्याच बोटीवर परत निघाला. आता तरी विचार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण काय उत्तर येईल या धास्तीनं मी त्याची वळकटी बांधत राहिले.