डावा टायर आणि मामांचं वजन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसाल ते माझ्यावर हसाल आणि मला हा चहा गोड लागणार नाही. गोष्ट आमच्या मोटारीच्या पुढच्या डाव्या टायरची आहे.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. घोडेगावच्या आमच्या वस्तीवर वडिलांनी एक जुनी मोटार आणली होती. चालवायचो मी. चुलतभाऊ दत्तूलाही येत होती, पण मी त्याला शिवू देत नसे. माझा हात बसलेला ना! घरी आलो की ओट्याच्या दगडाला पुढचं चाक टेकवायचं, म्हणजे गाडी बरोबर जागेवर. ठक आवाज झाला की आई आत चहा टाकायची. हॉर्न वाजवायची कधी गरजच पडली नाही.

तर झालं काय, डावा टायर एकाच कडेनं घासायला लागला. आतली कड नवीकोरी, बाहेरची तळहातासारखी गुळगुळीत. त्या काळी नवा टायर हवा तर नगरच्या दुकानात नाव लिहून वाट बघत बसावं लागे. त्यात बहीण शकूचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं, रोज कुठे ना कुठे खेप.

मी पडलो शेतकऱ्याचा पोरगा. बैलगाडी एका अंगाला कलली की ओझं नीट लावलेलं नाही, एवढं ज्ञान आम्हाला पाळण्यातच होतं. तरी खात्री करावी म्हणून मी डावा टायर उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. महिनाभरात डावीकडे आलेला तोही घासला. आता आणखी काय पुरावा पाहिजे? ओझं डावीकडं होतं. आणि डावीकडं पुढं बसायचं कोण? तात्यामामा.

तात्यामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, पाथर्डीचे. लग्नाच्या तयारीसाठी आमच्याकडेच मुक्कामाला होते. देह असा, की ते बसले की गाडी कण्हायची. पुढची जागा त्यांचीच, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही बस्ता बांधायला नगरला निघालो होतो. सगळं घर अंगणात जमलेलं. मी म्हणालो, "मामा, आज तुमी मागं बसा, माज्या पाठीशी. पुढं काकू बसतील." उजव्या बाजूला जरा भर हवा म्हणून मामांच्या पायाशी अर्धं पोतं ज्वारीही मी आधीच ठेवली होती.

मामांनी कारण विचारलं. शहाण्या माणसानं 'पुढं ऊन लागतं' म्हणून वेळ मारून नेली असती. मी त्यांना वाकायला लावून टायर दाखवले. "ह्यो एक आन् त्यो दुसरा. दोन्ही तुमीच खाल्ले, मामा."

मामांनी दोन्ही टायर नीट पाहिले. टोपी सारखी केली, रस्त्यापर्यंत चालत गेले आणि एस्टीनं पाथर्डीला निघून गेले. दोन दिवसांनी निरोप आला, "भाच्याच्या गाडीला माजं वजन झेपंना, मांडवाला तरी कसं झेपंल?"

आमच्यात नवरीला हाताला धरून मांडवात आणतो तो मामा. शकूनं सांगून टाकलं की मामा नसतील तर मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. ती दिवसभर रडत होती. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. ठक झालं तरी चहा येईना.

मला काय वाटत होतं सांगू? राग आला होता मला. खरं बोललो म्हणून शिक्षा! मिस्त्रीच्या तोंडून वदवून घ्यावं म्हणून मी गाडी केडगावला नेली. आईनं दत्तूला मुद्दाम बरोबर धाडलं होतं, मी आणखी काही बोलू नये म्हणून.

मिस्त्री गाडीखाली शिरला आणि जरा वेळानं बाहेर आला. म्हणाला, "चाकाचा रॉड वाकलाय, म्हनून चाक तिरकं पळतंय. रोज कुठं आदळता?"

मी आदळतो? माझ्या हातून आजवर मेंढराला धक्का लागला नव्हता. मी त्याला मामांचं वजन सुचवून पाहिलं.

"मानसाच्या वजनानं रॉड वाकत आसता," तो हात पुसत म्हणाला, "तर लगीनसराईत नगर जिल्ह्यात एक गाडी सरळ चालली नसती."

म्हणजे मामा निर्दोष होते. खरं सांगतो, मान खाली गेली माझी. मिस्त्रीनं रॉड सरळ केला आणि मी गाडी तशीच पाथर्डीच्या रस्त्याला लावली. मामांचे पाय धरायचे आणि त्यांना घेऊनच घरी यायचं, असं ठरवून टाकलं.

मामा त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांना मान म्हणून मी गाडी अगदी बेतानं, सावकाश ओट्यापाशी आणली.

ठक.

बशीतला चहा मामांच्या धोतरावर सांडला. "लागली बरोबर," मी सवयीनं म्हणालो.

दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. मामांनी आधी डाव्या चाकाकडं पाहिलं, मग ओट्याच्या दगडाकडं, मग माझ्याकडं.

"दत्तू," ते शांतपणे म्हणाले, "मी आत्ता कुठं बसलोय रं?"

"ओट्यावर, मामा."

"गाडीत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग झालं," म्हणत त्यांनी उरलेला चहा संपवला. मी पाय धरले, तेव्हा त्यांनी मला लगेच उठवलंही नाही. पण आले.

लग्नाच्या दिवशी मामा पुढं डावीकडं बसले. गाडी दत्तूनं चालवली. मी मागं, उजवीकडं, आणि माझ्या मांडीवर तेच अर्धं पोतं ज्वारी. हे कशाला म्हणून आईनं विचारलं, तर मामा मागं न बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. भाचा लई हलका हाय, उजवीकडं भर कमी पडंल."