अर्थिंगला पाणी कोण घालत होतं?

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे भूतबित म्हटलं की मला हसूच यायचं. आता हसू येत नाही, म्हणून लिहितेय.

आमचं रो-हाऊस मांजरी गावात आहे, ऊस संपून नव्या सोसायट्या सुरू होतात त्या बाजूला. घराच्या मागच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा आहे – घरातली गळती वीज जमिनीत उतरवायला पुरलेला पाइप आणि वर सिमेंटचं झाकण. आमचे हे विजेच्या बाबतीत भलतेच सोवळे. व्होल्टेज जरा हललं की फ्रिज बंद, ढग दिसले की कॉम्प्युटरची पिन काढलीच. आणि रोज आंघोळ झाली की त्या खड्ड्यात बादलीभर पाणी. जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण रोज? एवढी काळजी माझी घेतली असती तर, असं मी म्हणायची. यांना ते ऐकूच यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात हे गेले... झोपेतच. त्यानंतर त्या कोपऱ्यात जायला माझे पाय उचलेनात. उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायला लागल्या. त्यावरच माझ्या ऑनलाइन शिकवण्या चालतात. कारण कळत होतं, तरी उद्या पाणी घालू, उद्या घालू, असं चाललं होतं.

आणि एका सकाळी झिणझिण्या थांबल्या. मागे जाऊन झाकण उचललं, तर आत माती ओलीचिंब. शेजारी विचारलं, कामाच्या मावशींना विचारलं. टँकरचं पाणी पुरवून वापरणारी माणसं ती, माझ्याकडे बघतच राहिली. जवळपास नळ नाही, पाइपलाइन नाही. तरी रोज सकाळी ओलं.

शेवटी माझ्यातल्या विज्ञानाच्या बाई जाग्या झाल्या. संध्याकाळी झाकणाभोवती रांगोळी पसरून ठेवली. सकाळी रांगोळी जशीच्या तशी, कोरडी... आणि आत पाणी. घाबरले, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर उठल्या उठल्या मागे जायची सवयच लागली. घरात एकटी नाही असं वाटायचं, आणि ते बरं वाटायचं.

मे महिन्यात मुलगी आणि माझी चार वर्षांची नात सई राहायला आल्या. त्या दिवशी मावशींनी नुकतीच फरशी पुसली होती. सई अनवाणी, दोन्ही हात कॅबिनेटवर टेकून स्क्रीनवरचं कार्टून बघत होती. एकदम खट्ट आवाज झाला आणि सगळ्या घराची वीज गेली. सई दचकून रडायला लागली, बाकी काही नाही.

इलेक्ट्रिशियन आला, कॅबिनेट उघडलं, मग मागे जाऊन अर्थिंग तपासलं. कॅबिनेटच्या आत वायर जळून थेट पत्र्याला चिकटली होती. सगळा करंट त्या पत्र्यात उतरला होता.

“काकू, अर्थिंग ओलं होतं म्हणून लगेच ट्रिप झालं,” तो म्हणाला. “कोरडं असतं तर पोर...” त्याने ओला हात पँटला पुसला. “रोज पाणी घालता वाटतं?”

मी हो म्हणाले. त्याला दुसरं काय सांगणार होते?

मुलगी सईला कवटाळून बसली होती. तिला मी आजपर्यंत यातलं काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागे गेले. माती कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. त्यानंतर ती कधीच आपोआप ओली झाली नाही. जमिनीतला झरा म्हणावा, तर तो नेमका त्याच दिवशी कसा आटला? भास म्हणावा, तर इलेक्ट्रिशियनचा हातही ओला झाला होता.

हे गेले तेव्हा लोक म्हणत होते, बाई किती खंबीर आहेत, रडल्यासुद्धा नाहीत. ती कोरडी माती हातात घेऊन मी त्या कोपऱ्यात बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. मग उठले, आणि बादली भरून आणली.