सणसरहून निघालेलं घड्याळ

“तूप जाणार नाही.”

“घरचं हाय, ताई. आईनं स्वतः कढवलंय.”

“कुणीही कढवू दे. दुधाचा पदार्थ तिकडे सोडत नाहीत. बाजूला ठेव.”

विशालने डबा बाजूला ठेवला आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. पळसदेवच्या मामाने दिलेली सुकी मासळी. वास नाकात गेला तसा माझा पारा चढला. मासळी नाही! मग कढीपत्त्याच्या डहाळ्या आल्या. पाला नाही, बी नाही, मातीही नाही. शेवटी त्याने मोबाईलवर गिफ्टच्या दुकानातल्या एका टेडीचा फोटो दाखवला. अस्वल जवळजवळ विशालच्याच उंचीचं.

“हे तरी चालंल का?”

“चालेल की. पण आमच्यात व्हॉल्युमेट्रिक वेट नावाची भानगड असते. वस्तू हलकी असली तरी विमानात जागा किती खाते त्यावर भाडं. त्यापेक्षा तूच जाऊन ये जर्मनीला.”

तो खुर्चीत मटकन बसला. “मग पाठवू तरी काय बायकोला?”

बायकोला म्हटल्यावर मी नीट बघितलं त्याच्याकडे. बारामतीत मी परदेशी कुरिअरचं बुकिंग घेते, आता बरीच वर्षं झाली. माझ्याकडे येतात ते आईबाप, पोरांसाठी चकल्या घेऊन. बायकोसाठी पार्सल घेऊन आलेला नवरा म्हणजे दुर्मिळ गिऱ्हाईक. मला एकदम हुरूप आला. समोरची दोन बुकिंगं भराभर उरकली, चहा सांगितला आणि त्याला म्हटलं, आता सांग.

विशाल सणसरचा. ऊस, थोडा मका, चार म्हशी. बायको प्राजक्ता नर्स. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला जर्मनीतल्या हॉस्पिटलची नोकरी लागली आणि ती गेली. आता तिचा वाढदिवस तोंडावर आला होता.

“रोज बोलता ना?”

“बोलतो की. पण आता व्हिडिओ लावत न्हाय ती. आईशी तर बोलतच न्हाय.”

“का?”

तो पिशवीचे बंद आवळत बसला. असं कुणी टाळलं की मला दम धरवत नाही.

“बोल की रे बाबा! मी काय पेपरात छापणार आहे?”

(छापतेय खरी, पण त्याला विचारून. नावंही बदलली आहेत.)

भानगड अशी होती. तिकडे ड्युटीवर नर्सने हातात बांगडी, अंगठी आणि गळ्यात लोंबणारं काही घालायचं नाही. जंतूंचा प्रश्न. प्राजक्ता मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवून वॉर्डात जायची. एकदा तिने सुट्टीच्या वेळेत, युनिफॉर्मवरच, घरी व्हिडिओ कॉल लावला. सासूने मोकळा गळा बघितला आणि फाडकन म्हणाली, “नवरा जिता हाय म्हटलं अजून.” प्राजक्ताने सासूचा फोन ठेवला तो ठेवलाच.

“अगं बाई,” मी म्हणाले. “आणि प्राजक्ताला स्वतःला काय वाटतं?”

“ती म्हणती, तुमच्या आईपेक्षा मलाच जास्त चुकल्यासारखं हुतंय. दिसभर हात गळ्याकडं जातो. पण नियम हाय, काय करू?”

“ड्युटीवर चालतं तरी काय मग?”

“ओळखपत्र. पेन. आणि घड्याळ, पण मनगटावर न्हाय. छातीवर पिन करायचं. नाडी मोजाया लागतंय. तिचं प्लॅस्टिकचं हाय, सारखं बंद पडतंय.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“ताई!”

“अरे मग!”

दोघं एकदमच ओरडलो. शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून डोकावून गेला. घड्याळच पाठवायचं! वर पिन, खाली घड्याळ आणि मधल्या साखळीच्या जागी मंगळसूत्राचे काळे मणी. गळ्यात काही नाही, नियम मोडत नाही, आणि मणी दिवसभर अंगावर. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटलं.

मग माझंच डोकं ताळ्यावर आलं. “थांब. तिला वाटलं की तूही आईचीच री ओढतोयस, मण्यांवाचून राहू नको म्हणतोयस, तर?”

त्याने चहा तसाच धरून ठेवला. “मण्यांच्या दोन्ही टोकांला आकडा लावतो. नको वाटलं तर मणी काढून ठेवील, घड्याळ नुसतं पिनंला अडकंल. तिची मर्जी.”

शाब्बास रे पठ्ठ्या! हे मला सुचलं नसतं.

पण माझ्या धंद्याचे नियम होतेच. सेलवरचं घड्याळ नको, असं मी बजावलं. बॅटरीच्या वस्तूला वेगळे कागद, वेगळी तपासणी, आणि तेवढ्यात वाढदिवस निघून गेला असता. चावीचं बघ, सेकंदकाटा असलेलं. सोनं आम्ही घेत नाही, म्हणून मण्यांत सोन्याची वाटी नको.

चावीचं घड्याळ आता मिळतंय कुठे! पण विशालने बारामतीचे सगळे घड्याळवाले पालथे घातले आणि एका म्हाताऱ्या कारागिराकडून जुनं, टकाटक चालणारं घड्याळ मिळवलं. पट्टा काढून पिन बसवून घेतली. मणी ओवले स्वतःच्या हातानं, आणि दोऱ्यात नव्हे. दोऱ्यात घाण बसते, असं प्राजक्ता एकदा म्हणाली होती. म्हणून मामाकडून मासे धरायच्या जाळ्याची तंगूस आणली, नायलॉनची. धुतली, पुसली, काही होत नाही.

मी ते हौसेने माझ्या ओढणीवर लावलं आणि मान खाली घालून वेळ बघायला गेले.

“अरे शहाण्या! हे समोरच्याला सुलटं दिसतंय. वेळ वाचायची आहे ती तिला!”

त्याचा चेहरा पडला. तसाच उठला, परत कारागिराकडे. संध्याकाळी घड्याळ उलटं टांगून, म्हणजे सहाचा आकडा वर करून, हजर.

पॅकिंगच्या दिवशी त्याची आई बरोबर आली. डोक्यावर पदर, मांडीवर मोज्यांचं पुडकं. खोक्यात घड्याळ ठेवलं आणि गरम मोजे ठेवले. तिकडच्या थंडीसाठी ते आईनेच घेतले होते. मी टेप आणायला आत गेले, बाहेर येऊन खोकं बंद केलं. काम फत्ते.

फत्ते कसलं! मुंबईच्या हबमधून फोन आला. हब म्हणजे मोठं गोदाम, सगळीकडची पार्सलं तिथे एक्स-रेखालून जातात आणि मग विमानात चढतात.

“मॅडम, पार्सल होल्डवर आहे. मोज्यात पावडर सापडली. लाल आणि पिवळी.”

माझं डोकंच फिरलं. कसलीही पावडर दिसली की पार्सल अडकलंच म्हणून समजा. हबवाला म्हणाला, आजच्या आज मेल करा. एकतर पावडर काढून टाकायची परवानगी द्या, नाहीतर माल परत पाठवतो. परत आला असता तर वाढदिवस हुकलाच होता.

मी फोन केला तसा विशाल आईला गाडीवर बसवून धडधडत आला. मी आधी दोघांवर तोंडसुख घेतलं.

“मीच ठिवली,” ती शांतपणे म्हणाली. “हळद-कुंकू हाय. विष न्हाय.”

“मला माहिती आहे हो, मावशी. मशीनला कुठे माहिती?”

“म्या लय वंगाळ बोलले पोरीला.” तिने पदर पुढे ओढला. “सुनंची माफी कशी मागायची? कुंकू बघितलं की तिला कळलं असतं.”

माझा राग तिथेच गळाला. पण मेल तर करायची होती. मी सांगितलं, काढून टाकतील.

“कुंकू कचऱ्यात? न्हाय न्हाय. त्यापरीस परत येऊ द्या.”

“आई, अगं वाढदिवस हाय तिचा,” विशाल रडकुंडीला आला.

ती हलेना. मी पण हट्टी. विशालचा फोन तिच्यापुढे सरकवला. “मावशी, पुडी काही जाणार नाही. पण त्या पुडीत जे घातलंय ते तुम्ही तोंडानं सांगा. आत्ता.”

“मला न्हाय जमायचं.”

“मग घड्याळ येतंय परत. बघा तुम्ही.”

तिने फोन पोराकडे सरकवला. म्हणाली, “लाव.”

रिंग गेली. स्पीकर चालू होता. मी उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

“प्राजू… मी आई.”

“आई? काय झालं? हे ठीक आहेत ना?”

“समदं ठीक हाय. त्यो हितंच हाय.” तिने फोन जवळ ओढला. “प्राजू, त्या दिशी मी बोलले ते चुकलं माझं. तू माणसं बरी करतीस तितं. आन् मी तुझा गळा बघत बसले.”

फोन कट झाला की काय म्हणून विशालने वाकून बघितलं. मग रडवेला आवाज आला.

“आई, गुडघ्याला तेल लावताय का?”

“कोन लावतंय! तूच लावत हुतीस.”

विशालने तोंड फिरवलं. मी सरळ रडले, लपवायचं कशाला. झेरॉक्सवाला परत डोकावला, त्याला हाकललं.

फोन ठेवल्यावर मावशींनी डोळे पुसले. “टाकू द्या कुंकू. पण त्यास्नी म्हणावं, झाडाच्या बुडाला टाका.” मी मेलमध्ये तेही लिहिलं. हबवाल्याने झाड शोधलं की नाही, देव जाणे.

पार्सल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पोचलं. तिथल्या इनचार्जने मणी औषधाने पुसून बघितले, तंगूस ओढून बघितली आणि मान डोलावली. प्राजक्ताने वॉर्डाच्या बाहेरून, युनिफॉर्मवर, घरी व्हिडिओ कॉल लावला. मणी काढले नव्हते. सासूशीच इतकं बोलली की विशालची पाळी येईपर्यंत तिची सुट्टी संपली. हे सांगायला तो पेढे घेऊन आला आणि वर तक्रारही करून गेला.

तेव्हापासून मी मोजे आतून उलटे करून बघते. आणि बारामती-इंदापूरकडचं कुणी येऊन “ताई, तिकडं काय पाठवू?” म्हणालं की दर सांगायच्या आधी विचारते, “शेवटचं भांडण कशावरून झालं?” निम्मे चिडतात. बाकीचे खुर्ची ओढून बसतात.