ताडपत्रीखालचं पाणी

प्रभूने माझ्यावर कृपा केली तेव्हा माझ्या हातात काठी होती. बायकांच्या प्रार्थनेत मी ही साक्ष सांगायला उभी राहिले की नातवंडं मागच्या सतरंजीवर एकमेकांना कोपरं मारतात. आजी आता स्वतःचीच फजिती सांगणार, हे त्यांना पाठ झालंय. हसू देत. त्या वेळच्या मला बघितलं असतं तर लोळून हसली असती.

दुष्काळाची वर्षं होती. शहर पैठण रस्त्याने चितेगावच्या दिशेला सरकत होतं आणि आम्हीही त्याच्याबरोबर सरकत तिकडं राहायला गेलो होतो. जिथं काल ज्वारी होती तिथं आज प्लॉट, आणि प्रत्येक प्लॉटवर एक बोअर. सुरुवातीला बोअरला पाणी लागायचं, मग ओला चिखल, मग नुसती धूळ. नळ कधी येईल ते एका देवाला ठाऊक आणि दुसऱ्या, व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाला. आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेला पत्र्याच्या एका हॉलमध्ये भरायची. हॉलच्या मागं शेताच्या काळातली एक जुनी विहीर होती. तिच्यात आता फुटक्या बादल्या आणि प्लॅस्टिक एवढंच साठत होतं.

माझी सून मरथा शाळेत विज्ञान शिकवायची. हॉलच्या पत्र्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी पाइप लावून त्या विहिरीत सोडावं, असं तिने सुचवलं. मी लगेच कान टवकारले. सुनेने काही सुचवलं की कान टवकारायचे, ही सवय माझ्या सासूने मला वारशात दिली होती.

त्याच उन्हाळ्यात बाहेरगावचे एक उपदेशक आले. एवढ्या उन्हात कोट घालून. हवामान बदलतंय ही हाकाटी म्हणजे सैतानाचं जाळं आहे, असं त्यांनी गर्जून सांगितलं. जलप्रलयानंतर देवाने पेरणी-कापणी कधी थांबणार नाही असं वचन दिलंय, मग ऋतू बिघडले म्हणणारा देवालाच खोटं पाडतो. आधी तुम्हाला घाबरवतील, मग तुमच्या चुलीवर आणि गुराढोरांवर कायदे करतील, शेवटी साऱ्या जगावर एकच राज्य आणतील, आणि ते कुणाचं असेल ते तुम्ही ओळखाच. मी ओळखलं! मला तर स्वर्ग सापडल्यासारखं झालं. जन्मभर मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेत आले होते, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. कोपऱ्यावर नवा सौर दिवा बसवला तेव्हा त्याच्या डब्यात कॅमेरा असणार, म्हणून मी पंधरवडाभर डोक्यावर पदर घेऊन त्याच्याखालून गेले. दिव्याला माझ्या तोंडात काय रस असणार, हे मला कुणी विचारलं नाही.

मरथाशी माझी जुंपायची ती भाकरी थापताना. ती म्हणायची, "आई, वचन देवाचं आहे, ते देव पाळील. पण धूर आपण सोडला, बोअर आपण मारले. बापाने घर दिलं म्हणून पोरांनी त्याची कौलं फोडायची का?"

"तुझ्या त्या विज्ञानाच्या पुस्तकात देव कुठल्या पानावर आहे गं?"

"पुस्तकात नसेल. पुस्तक वाचणारीत आहे ना."

एवढं नम्र बोलते म्हणजे पोटात काहीतरी असणार, असं मला वाटायचं. मंडळीच्या सभेत पाइपाचा विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले. छताचं पाणी साठवणं म्हणजे उद्याचा भरवसा देवावर न ठेवणं, असं म्हणाले आणि शेवटी हात वर करून ठणकावलं, "देवाच्या घरी टंचाई नाही!" बायकांनी आमेन म्हटलं. पाइप तिथंच राहिला. मरथाने मान खाली घातली. मला वाटलं, जिंकले.

आणि मग आमच्या ह्यांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. ह्यांचं घर मूळचं वैजापूरकडचं, मेंढरं राखणारं. लग्नापासून दर रविवारी माझ्याबरोबर यायचे, मागच्या बाकावर बसायचे, पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की "बघू" म्हणायचे. आता स्वतःच म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी मला पाण्यात घाला. नंतरचं कुणी बघितलंय." या एका वाक्यासाठी मी किती वर्षं गुडघे टेकले होते! पण आमच्या मंडळीत पाणी शिंपडून भागत नाही. अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. एरवी आम्ही धरणाच्या काठाला जायचो. तिथं त्या वर्षी पाण्याआधी लांबच लांब गाळ लागत होता, त्यात दुखणेकऱ्याला कसं न्यायचं? उरला हॉलच्या आवारातला सिमेंटचा हौद. मी धावपळ करून टँकर मिळवला आणि शनिवारी हौद काठोकाठ भरून घेतला. वर ताडपत्री टाकली, कडेने दगड ठेवले आणि काठी घेऊन शेजारी बसले. समोरून बाया रिकाम्या घागरी घेऊन जात होत्या. मला सगळ्याच चोर दिसत होत्या. शेजारची सलमाबी दोनदा गेली. एकदा गेली असती तर मी समजू शकले असते.

दुपार कलताना फाटकाशी एक मेंढपाळ येऊन थांबला. मागं मेंढरं, सगळ्यांच्या जिभा बाहेर.

"माय, जित्राबांना घोटभर पानी मिळंल का?"

"नाय मिळायचं. ते देवाचं पाणी हाय."

त्याने ताडपत्रीकडं बघितलं, काठीकडं बघितलं. "मंग देवालाच इचारा की एकडाव."

मला इतका राग आला! तेवढ्यात हे भिंतीला धरत बाहेर आले. दम लागत होता, तरी डोळ्यांत खट्याळपणा होता. म्हणाले, "अगं, देवाच्या घरी टंचाई नाही ना?"

"नाहीच मुळी."

"मग काठी कशाला?"

मी काठी पदराआड केली. ह्यांनी कडेचे दगड सरकवले, ताडपत्री ओढली आणि मेंढपाळाच्या हातात बादली दिली. त्याने घमेली भरली. मेंढरं तुटून पडली. मी ओरडले, "अहो, तुमचा बाप्तिस्मा पितायत ती!"

"पिऊ दे. त्यांना तहान लागलीय. मला नुसतं भिजायचंय."

मेंढरं पुढं गेली तर फाटकात सलमाबी घागर घेऊन उभी. मागत नव्हती, नुसती उभी होती. ह्यांनी तिलाही हाक मारली, मग तिच्या मागच्या बायांना. दिवस मावळेपर्यंत हौदात पायाचा घोटा बुडेल एवढंच पाणी उरलं. मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. देवाशी मात्र भांडले, आणि भांडून थकल्यावर म्हणाले, "प्रभू, माणूस तुझा, पाणी तुझं, तूच बघ." पुढं काय आणि कसं करायचं, त्याच्या सूचना न देता केलेली ती माझी पहिली प्रार्थना.

रविवारी उपासनेआधी फाटकाशी गलका झाला. मी म्हटलं, झालं, कालचं पाणी कमी पडलं म्हणून भांडायला आल्या. काठी शोधली. बाहेर सलमाबी होती, मागं बायांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर नाहीतर कमरेवर भरलेली घागर. आमच्या भागाची पाळी नसताना पहाटे नळ आला होता.

"भाभी, आज भाईजान को डुबाना है ना? पानी लाए हम लोगाँ," सलमाबी म्हणाली.

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात आलं, ह्याच्या बदल्यात ह्या काय मागणार? दोन घागरींत मी वाकूनही बघितलं, पाणी गढूळ तर नाही ना म्हणून. सलमाबी हसली आणि घागर हौदात पालथी केली. घागरी येत राहिल्या. पाणी मांडीपर्यंत आलं. पास्टरांनी ह्यांना हौदात बसवलं आणि हलकेच मागं झुकवून पाण्याखाली नेलं. हे वर आले ते नाकातोंडातलं पाणी पुसत, हसत. मी रडत होते आणि कुठल्या बाईच्या खांद्यावर रडतेय तेही बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती सलमाबी होती.

बाप्तिस्मा आटोपल्यावर मरथा बादली घेऊन हौदाचं पाणी लिंबाच्या झाडांना घालत होती. मीच उपासनेनंतर उभी राहिले आणि म्हणाले, "तो पाइप लावा."

मागून ती हळूच म्हणाली, "आई, आमेन म्हणू का?"

"म्हण. पण हळू."

विहीर उपसायला मंडळीच्या बायांबरोबर सलमाबीही आली. आता एखाद्या वर्षी विहिरीला चांगलं पाणी असतं, एखाद्या वर्षी तळ दिसतो. हे ऑपरेशनमधून सुखरूप आले आणि अजून मला "मग काठी कशाला?" म्हणून चिडवतात. माझा संशयी स्वभाव गेलेला नाही. गाडीची काच वर करून येणारे, एक रोप लावून दहा फोटो काढणारे पर्यावरणवाले मला अजून खरे वाटत नाहीत, आणि कोटातले उपदेशकही आता वाटत नाहीत. फक्त दुसऱ्यावर संशय आला की आधी स्वतःच्या हातात काय आहे ते बघते.

त्या पहाटे व्हॉल्व फिरवणाऱ्याचा वार चुकला असेल. असेलही. मी त्याला कधी बघितलं नाही, पण रोजच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी दोन शब्द असतात. आणि ती काठी? आहे अजून. पावसाळा जवळ आला की मी तिने हॉलच्या पन्हळीतला पाला ओढून काढते आणि म्हणते, प्रभू, वाट मोकळी केलीय, पुढचं तुझं.