दाराकडं तोंड केलेल्या चपला

दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्या बाबांचे आभार मानायचे राहून गेले. नावही विचारलं नाही. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला लहानसा क्रूस तेवढा आठवतो.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही जालन्याच्या दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर बाबांची बायको होती. ऑपरेशन झालेल्यांना वाकायची मनाई. म्हणून बाबा सारखे उठायचे, गुडघ्यावर हात देत खाली बसायचे आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या चपला खाटांखालून काढून, पाय आपसूक आत जातील अशा मांडायचे. चहा आला की सगळ्यांना देऊन उरला तर घ्यायचे.

सासूबाई तीर्थपुरीच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. घरात त्यांचा दरारा. पण त्या संकोचल्या.

"दादा, चपलेला हात नका लावू. मला पाप लागंल."

बाबा हसले. "बाई, आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले व्हते. मी तर नुस्त्या चपला सरळ करून राह्यलो."

सासूबाईंनी हळूच पाय चपलांत सरकवले.

महिन्याभरानं डॉक्टरांनी त्यांना वाकायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले, तर माझ्या चपला पुसून, दाराकडं तोंड करून ठेवलेल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या. मी वळून पाहिलं. सासूबाई मान खाली घालून मेथी निवडत होत्या.

"जल्दी निघ," त्या म्हणाल्या, "बदनापूरची बस जाईल."